चार खटक्यांची वाटणी

मी एकेकाळी विमान चालवत असे, असं मी अधूनमधून लोकांना सांगतो. ऐकणारा जरा सरसावून बसला की घाईघाईने जोडतो, 'म्हणजे विमानाचा चौथा हिस्सा.' तो आणखी खोलात शिरला, तर विमान चार हात लांबीचं होतं, पांगाऱ्याच्या लाकडाचं होतं आणि मी जमिनीवर उभा असे, हेही कबूल करावं लागतं. चौथ्या हिश्शाचं खरं काय होतं ते मात्र मी सहसा सांगत नाही. आज सांगतो, कारण त्याशिवाय आमच्या घरमालकांविषयी काही सांगताच येणार नाही.

साठ सालानंतरची ती वर्षं. आताचा नंदुरबार जिल्हा तेव्हा धुळे जिल्ह्यातच होता. मी साताऱ्याकडचा, विज्ञानाची पदवी घेतलेला, आणि ती पदवी गावोगाव मिरवत शहाद्याच्या पलीकडे तापीकाठच्या एका गावात हायस्कुलावर मास्तर म्हणून आलेला. खोली मिळाली ती पिढ्यान् पिढ्या त्या काठावर शेती करणाऱ्या एका घरात. घरमालकांना गाव आप्पा म्हणायचं, मीही तेच म्हणू लागलो. खोली दाखवताना भाडं, पाणी, सामान यांतलं त्यांनी काहीच विचारलं नाही. माझ्या हातांकडे पाहत ते म्हणाले, "मास्तर, बटन कोनता बोटघाई दाबतस?"

मी म्हटलं, "कुठल्याही."

"कोनता बी?" ते काकूंकडे वळले, म्हणजे त्यांच्या पत्नीकडे. "म्हंजे कोनताच नही."

त्या घरात वीज नवीनच आली होती आणि आप्पांनी घरातल्या प्रत्येक बटणाला एक माणूस नेमून दिला होता. ओसरीचं बटण आप्पांचं, स्वयंपाकघराचं काकूंचं, अंगणातल्या दिव्याचं त्यांच्या धाकट्या भावाचं, नानाचं. ज्याचं बटण त्यानेच दाबायचं. नाना शेतातून उशिरा आला तर अंगण तोवर अंधारात राहायचं, त्यात पाहुणा ठेचकाळला तरी चालायचं. माझ्या खोलीचं बटण बाहेर बोळात होतं, आणि मी येण्यापूर्वीच ते काकूंच्या वाट्याला गेलं होतं. त्यामुळे मी वाचत पडलो की काकू बोळातून विचारायच्या, "मास्तर, दिवा बंद करू का?" आणि मी पदवीधर माणूस आतून म्हणायचो, "एवढं पान होऊ द्या." मी एकदा चोरून ते बटण दाबलं. सकाळी आप्पा म्हणाले, "एक बोट, एक काम. दोन कामं दिधात का बोट बी बिघडस, काम बी बिघडस." कुणी चुगली केली होती कोण जाणे. बहुधा बटणानेच केली असावी.

हे खूळ त्यांना लढाईत लागलं होतं. महायुद्धात ते फौजेच्या बिनतारी खात्यात होते. तिथे म्हणे एका जवानाने दुसऱ्याच्या बटणाला हात लावला आणि काहीतरी भयंकर झालं. काय झालं ते आप्पा दर वेळी वेगळं सांगायचे. एकदा त्यात पूल उडाला, एकदा कर्नलसाहेबांचं जेवण चुकीच्या छावणीत गेलं. मला दुसरी गोष्ट जास्त खरी वाटायची.

लढाईहून येताना आप्पांनी धोतराच्या वळकटीतून आणलं ते विमानाचं वेड. पन्नास सालानंतर त्यांनी स्वतः जुळवलेल्या यंत्रात एकच बटण होतं. एकदा दाबलं की विमान उजवीकडे, दोनदा दाबलं की डावीकडे, आणि मोजताना चुकलं की सरळ कुणाच्या तरी गोठ्यात. एका बटणाला दोन कामं, हे त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, म्हणून ते कायम चिडलेले असत. मग फौजेतल्या जुन्या स्नेह्याकरवी मुंबईहून नवी पेटी आली. राखाडी पत्र्याची, लांब काठीसारखी एरियल असलेली, आणि पुढच्या बाजूला चार खटके. गाव त्या पेटीला ट्रान्समीटर वगैरे म्हणायच्या भानगडीत पडलं नाही. पेटी म्हणजे पेटी.

पेटीचं काम मी पहिल्याच दिवशी समजून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी वर्गात शिकवलंही. विमानाच्या पोटात हार्मोनियममध्ये असतात तशा बारीक पट्ट्यांची एक ओळ होती. पेटीवरचा खटका वर किंवा खाली ढकलला की हवेतून एक ठरावीक सूर जायचा. तो ज्या पट्टीचा असेल तेवढीच पट्टी थरथरायची, आणि तिला जोडलेला विमानाचा भाग हालायचा. कुठल्या खटक्याने काय हालायचं हे तारा बदलून आपल्या मनासारखं ठरवता येत असे. जगातली बाकीची माणसं हे आपल्या दोन हातांच्या सोयीने ठरवत असतील. आप्पांनी ते घराच्या वाटणीसारखं ठरवलं.

डावी-उजवी वळवायचा पहिला खटका त्यांनी स्वतःकडे ठेवला. विमानाचं नाक वर-खाली करायचा दुसरा नानाला दिला. इंजिन जलद-हळू करायचा तिसरा काकूंना, कारण चुलीचा जाळ कमी-जास्त करायची सवय घरात फक्त त्यांना होती. पेटी एका उंच स्टुलावर ठेवायची आणि तिच्याभोवती तिघांनी आपापला खटका धरून उभं राहायचं. मी विचारलं, "आप्पा, एकच माणूस सगळे खटके चालवू शकतो की."

"सगळा खटका एकना हातमा उनात का मानूस सोताले देव समजस," आप्पा म्हणाले. "आन आमनं देवघर पहिलेच भरेल शे."

आम्ही उडवायचो ते कापूस वेचून, पऱ्हाट्या उपटून झालेल्या वावरात. एका बाजूला आप्पांचाच ऊस, पलीकडे तापीचं पात्र, आणि उत्तरेला सातपुडा. आइतवारी सकाळी आप्पा डोक्याला फौजेतली लोकरी टोपी घालून, दोऱ्याने बांधलेला चष्मा नाकावर चढवून निघत. खिशात सरकीचा कापूस. त्याची चिमूट हवेत सोडून ते वारा पाहत. इंजिनाला ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचं मिश्रण लागे. त्याचा वास माझ्या सदऱ्यांना असा बसला होता की मी वर्गात शिरलो की पुढच्या बाकावरची पोरं जुलाबाच्या आठवणीने पोट धरत.

विमान लांब जात असलं की सगळं सोपं असे. ते आपल्याकडे येऊ लागलं की त्याचं डावं ते आपलं उजवं होतं, आणि तिथे भलेभले फसतात. यावर मी शास्त्रीय तोडगा काढायचं ठरवलं. शाळेतून फळा आणला, बाण काढले, आणि आप्पांना समजावता समजावता माझंच विमान फळ्यावर उलटं उडायला लागलं. आप्पांनी फळा पुसला. त्यांचा तोडगा साधा होता. विमान समोरून येऊ लागलं की सगळ्यांनी त्याच्याकडे पाठ करायची आणि मान वळवून खांद्यावरून मागे बघायचं. मग विमानाचं उजवं ते आपलंच उजवं. आप्पा, नाना, काकू असे तिघे पेटीभोवती पाठमोरे, माना मागे, हात पेटीकडे, आणि डोक्यावरून ते घोंगावत येणारं कागदी पाखरू! कळसाडी गावाकडे जाणाऱ्या बैलगाड्या रस्त्यात थांबायच्या. बैलसुद्धा बघायचे.

मला त्या पेटीला हात लावायचा होता. किती लावायचा होता ते सांगताना आजही जरा लाज वाटते. मी एरंडेल गाळलं, विमान खांद्यावरून वाहिलं, ते बाभळीत अडकलं की काटे मोजत वर चढलो. अखेर एका आइतवारी आप्पांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि चौथ्या खटक्यावर बोट ठेवलं. "मास्तर, हाऊ तुम्हना."

"यानं काय होतं?"

"तोल," आप्पा म्हणाले.

त्या शब्दाने मी भारून गेलो. वळणं काय, कुणीही घेईल. पण तोल! विमान कलायला लागलं की मी खटका हळूच दाबायचो, ते सरळ झालं की सोडायचो. आप्पांनी वळवलं, नानाने नाक उचललं, काकूंनी इंजिन मंदावलं, आणि ते सगळं मी तोलून धरलं, असा माझा समज होता. वडिलांना मी तसं कळवलं. शाळेत मी 'तोल' या विषयावर एक तास घेतला. एका आइतवारी ताप असल्यामुळे मी गेलो नाही, तर दिवसभर खाटेवर तळमळत होतो की आज यांचं कसं होणार. संध्याकाळी विमान सुखरूप परत आलेलं पाहून मला जरा वाईटच वाटलं.

असा सगळा हंगाम गेला. मग एक दिवस ओसरीवर विमानाचं पोट उघडं पडलं होतं आणि मी काकूंना माझ्या खटक्याची तार कुठली ते दाखवायला बसलो. एका खटक्याला दोन अशा आठ पट्ट्या, त्यांपैकी सहांनाच तारा होत्या. मी पुन्हा पुन्हा पाहत होतो. काकूंना माझी कीव आली असावी.

"तुम्हना खटकाले तारच नही ना, मास्तर," त्या म्हणाल्या. "त्यास्नी सांगं नही का?"

आप्पा शेजारीच पंख चिकटवायचा सरस ढवळत होते. ते जराही ओशाळले नाहीत. "तार नही, पन काम शे. तुम्हना हात रिकामा ऱ्हायना म्हंजे दुसराना खटकाले लागस."

मी दोन आइतवार रुसलो. तिसऱ्या आइतवारी परत जाऊन माझा खटका धरून उभा राहिलो. काय करणार, सवय झाली होती. आणि खरं सांगतो, विमान कललं की अजूनही माझं बोट दाबलं जायचं, आणि ते सरळ झालं की मला बरं वाटायचं.

आता नानाविषयी. नाना आप्पांपेक्षा पुष्कळ लहान. वडील लवकर गेले, तेव्हा आप्पा-काकूंनीच त्याला वाढवलं होतं, आणि त्यांना स्वतःचं मूल नव्हतं. सगळी शेती नाना बघायचा, आप्पा आकाश बघायचे. यात नानाची काही तक्रार नव्हती. तक्रार सुरू झाली विहिरीवर विजेचा पंप बसला तेव्हा. त्या पंपाचं बटण आप्पांनी एका लोखंडी पेटीत कुलूपबंद केलं आणि किल्ली आपल्या करगोट्याला बांधली. उसाला पाणी केव्हा हवं हे नानाला कळायचं. पण त्याला आधी आप्पांना शोधावं लागायचं, आणि आप्पा कुठेतरी बांधावर कापसाची चिमूट हवेत सोडत उभे असायचे. ऐन उन्हाळ्यात उसाचा एक तुकडा त्यामुळे वाळला. नाना ओसरीवर आला, हातातली वाळकी पानं त्याने आप्पांसमोर टाकली आणि म्हणाला, "दादा, आभायमा वाटनी करतस, विहिरवर काबरं नही?"

मला वाटतं तेव्हा आप्पांनी नुसती किल्ली काढून दिली असती तरी भागलं असतं. पण आप्पांनी त्या वेळी जगातल्या सगळ्या मोठ्या भावांनी म्हटलेलं वाक्य म्हटलं, की मी तुला लहानाचा मोठा केला. नाना उठून गेला. त्या दिवसापासून दोघे एकमेकांशी बोलेनात, आणि नानाने बायकोपोरांसह त्याच घराच्या मागच्या खोलीत वेगळी चूल मांडली.

आइतवारी मला वाटलं, आज नाना येणार नाही. पण तो आला. हिश्शाचा बांध कुणी सरकवू नये म्हणून माणूस जसा त्यावर जाऊन उभा राहतो, तसा तो आपला खटका धरून उभा राहिला. आला, पण बोलायचं नाही हे कायम. आणि विमानाला तर दोघांनी मिळून वळावं लागतं. आप्पांनी वळवलं की नानाने नाक उचलायलाच हवं, नाहीतर ते घसरत खाली येतं. आप्पांनी क्षणभर विचार केला आणि माझ्याकडे तोंड केलं.

"मास्तर, त्याले सांगा, नाक वर कर."

नाना माझ्यापासून हातभर अंतरावर होता आणि त्याचे कान उत्तम होते. तरी तो माझ्या सांगण्याची वाट बघत थांबला. मी म्हटलं, "नाना, आप्पा म्हणतात, नाक जरा वर घ्यावं."

"मास्तर, त्यास्ले सांगा, वरच शे. चष्मा पुसा म्हना."

"आप्पा, नानांचं म्हणणं असं की..." एवढं होईपर्यंत विमान पऱ्हाट्यांच्या ढिगात शिरलेलं असायचं.

अशी माझी बढती झाली. बिनतारी खटक्यावरून मी थेट तार झालो. त्या सगळ्या यंत्रात सर्वांत मंद भाग मीच होतो. त्यात माझ्या सातारी तोंडून 'चष्मा पुसा' हे आप्पांना सांगायला जीभ वळायची नाही, म्हणून मी 'काचेवर धूळ असावी असं नानांना वाटतं' असं काहीतरी सभ्य करून सांगायचो. तेवढ्या सभ्यपणात विमान आणखी एक गिरकी खाऊन यायचं. काकू आपला इंजिनाचा खटका धरून सगळं ऐकत. एकदा त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "आभायमा भाकर नही भेटस. दोन्हीस्ले सांगा, मास्तर, घर चला." तेही मी सांगितलं.

वावर मोकळं असेल त्या आइतवारी, हे असं वर्षभर चाललं. मग नानाने ठरवलं की आता सासुरवाडीला, खापर गावी जायचं. खापरला त्याच्या सासऱ्यांची तेलाची घाणी होती, त्यांना मुलगा नव्हता, आणि ते जावयाला केव्हाचे बोलावत होते. कापूस वेचून झाला की नाना बायकोपोरांसह तिकडे जाणार, आणि जाणारा माणूस परत येत नाही हे गावात सगळ्यांना माहीत होतं. भांडी बांधली जाऊ लागली. गाडीवान ठरला. आप्पांनी ऐकलं आणि ते विमानाचं शेपूट घासत बसले.

काकू मला बोळात भेटल्या. दिवा बंद करायला आल्या होत्या, पण बटणावर बोट ठेवून नुसत्या उभ्या राहिल्या. "ह्या मानूस तोंडथून सांगाव नही, 'नाना, जाऊ नको' म्हनीसन. त्यानाकरताच दर आइतवारले इमान उडाडस. तितलंच नाना त्यास्ना बाजूले उभा ऱ्हास." आणि पदराने डोळे पुसून त्यांनी दिवा घालवला. मी म्हटलं, "मी सांगू का नानांना?" काकूंची पावलं बोळातून दूर गेली. तुझ्याने एक 'नाक वर' धड सांगवत नाही, असंच त्यांच्या मनात आलं असणार.

जाण्याआधीचा तो शेवटचा आइतवार. वारा तापीकडे वाहत होता. आप्पांच्या चिमटीतला कापूस सरळ नदीकडे गेला, आणि एरवी अशा वाऱ्यात त्यांनी विमान बाहेरच काढलं नसतं. त्या दिवशी काढलं. आम्ही चौघे पेटीभोवती उभे राहिलो. विमान सुरेख चढलं. उसावरून गेलं, आणि वाऱ्याने नदीकडे रेटत नेलं. आप्पांनी त्याला परत फिरवायला खटका दाबला, विमान कललं आणि नाक खाली घालून घसरू लागलं.

आप्पा माझ्याकडे वळले. "मास्तर, त्याले..."

मी तोंड उघडलं. पण 'नाना, आप्पांचं म्हणणं असं की' हे मी मनात जुळवत होतो, तोवर विमान आणखी खाली आलं. आप्पांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा विमानाकडे, आणि मग वर्षभराचं सगळं गिळून ते ओरडले, "नाना! अरे नाना, नाक वर ले!"

"वरच शे, दादा!" नाना तितक्याच जोराने ओरडला. "तुम्ही सरळ करा पहिले! अहो दादा, सरळ करा ना!"

"करी ऱ्हायनू रे!"

"कठे करी ऱ्हायनात!"

मी माझा खटका जिवाच्या आकांताने दाबून धरला होता. विमान उसात पडलं. एखादी फांदी मोडावी इतकाच बारीक आवाज झाला. दोघे भाऊ उसाकडे धावत सुटले, आप्पांचं धोतर पायात येत होतं आणि नाना त्यांच्या दंडाला धरून त्यांना ओढत होता. उसात शिरल्यावर ते दिसेनात, पण ऐकू येत होते.

"तुनी नाक खाले करं!"

"मी? मन्हा खटका वरच व्हता! तुम्हीन सरळ करंच नही!"

"माले शिकाडस का?"

"शिकाडस! कोनी तरी शिकाडालेच जोयजे!"

काकू मटकन खाली बसल्या. मला वाटलं त्या रडताहेत, म्हणून जवळ गेलो. त्या हसत होत्या, आणि रडतही होत्या. त्या म्हणाल्या, "ऐका मास्तर. बोली ऱ्हायनात."

भांडत भांडतच दोघे बाहेर आले, एकाच्या हातात पंख, दुसऱ्याच्या हातात शेपूट. भांडतच घरी गेले. बोलण्याच्या नादात नाना आपल्या चुलीकडे न वळता आप्पांच्या पाटावर येऊन बसला, आणि काकूंनी दोन ताटं वाढली. मी पेटी आणि स्टूल उचलून मागून येत होतो. माझी आता कुणालाच गरज नव्हती, आणि इतका आनंद मला नोकरीचा कागद हातात पडला तेव्हाही झाला नव्हता.

जेवता जेवता नानाने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "इमान नीट करा, दादा. परत उडाडू. मन्हा खटका वर व्हता हे दखाडसू, मंगच खापरले जासू." गाडीवानाला त्याने संध्याकाळी परत पाठवलं. म्हणाला, थोडे दिवस थांब.

आप्पांचा हात यात इतका बसलेला होता की मोडका पंख ते दोन दिवसांत जोडून उभा करत. या वेळी त्यांना वेळ लागू लागला. आधी लाकूड ओलं निघालं. मग कागद जुना निघाला. मग सरस. जोडलेला पंख आढ्याला टांगलेला असायचा आणि नाना रोज संध्याकाळी शेतातून आला की मान वर करून विचारायचा, "वाळना का सरस?"

"नही आजून. हवा दमट शे."

"मंग ऱ्हाऊ द्या." आणि नाना हातपाय धुवायला जायचा. भर उन्हाळ्यात आमच्या गावाची हवा दमट होती. विहिरीवरच्या लोखंडी पेटीचं कुलूप मधल्या काळात कुठेतरी गेलं. गंजलं होतं म्हणून टाकलं, असं आप्पा म्हणाले. आइतवार येत आणि जात, आणि आप्पा वावराकडे फिरकत नसत. सकाळी टोपी घालून ओसरीवर बसायचे, खिशातला कापूस चाचपायचे, वारा चांगला असला तर त्याच्याकडे बघायचे आणि टोपी काढून ठेवायचे.

मला त्यांचं फार वाईट वाटू लागलं. इतका उत्साही माणूस, आणि केवळ वाईट सरसापायी त्याचं उडणं बंद पडावं! विज्ञानाचा पदवीधर घरात असून काय उपयोग? मी सुट्टी काढून धुळ्याला गेलो. दुकानं पालथी घातली आणि एक परदेशी सरसाची नळी पैदा केली. येताना बसमध्ये मी ती हातातच धरली होती. घरात शिरलो तेव्हा आप्पा आणि नाना ओसरीवर बसून त्याच त्या नाकाच्या वर-खाली होण्यावरून वाद घालत होते. मी नळी दोघांच्या मधे ठेवली.

"घ्या आप्पा! लावल्यावर चहा होईपर्यंत वाळतो. परवाच्या आइतवारी विमान आकाशात!"

नळीला कुणी हात लावला नाही. मला वाटलं, इंग्रजीमुळे अडलं असेल, म्हणून मी नळीवरचं इंग्रजी वाचून त्याचा अर्थही सांगितला. काकू दारात येऊन उभ्या राहिल्या. नाना आढ्याला टांगलेल्या पंखाकडे बघत होता, आणि त्याचा चेहरा उतरला होता. तेवढं दिसूनही माझ्या डोक्यात प्रकाश पडेना. मी विचारलं, "नळीचं तोंड कापायला सुरी आणू का?"

आप्पांनी चष्मा काढला.

"मास्तर, तुम्ही शिकेल मानूस शेतस," ते म्हणाले. "इमान नीट झायं आन नाना खापरले चालना गया, ते तुम्हले चाली का?" नाना अगदी समोर बसला होता. आप्पांनी त्याच्याकडे बघितलं नाही, पण आवाजही खाली केला नाही. "माले चालाव नही."

नानाने ती नळी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि माझ्या हातात दिली.

"मास्तर, हाई तुम्हना चपलास्ले लावा," तो म्हणाला. "आमना सरस चांगला शे."

माझ्या चपला तेव्हा चांगल्या होत्या, कुठेही उसवल्या नव्हत्या. तरी मी तिथेच पायरीवर बसलो, एक चप्पल काढली, आणि ते दोघे बघत असताना नळी रिकामी होईपर्यंत तिच्या तळाला तो परदेशी सरस लावत राहिलो.